भेंडाची फुलं: बाशिंगापासून बंगालच्या शोलापर्यंत

आज फुलांबद्दल बोलू या, पण न सुकणाऱ्या फुलांबद्दल.

आमच्या घरी एका जुन्या ट्रंकेत आजोबांच्या लग्नातलं बाशिंग होतं. बेगड काळवंडलेली, पण मागची पांढरी फुलं शाबूत. हाताला वजनच लागायचं नाही. आजी म्हणायची, "भेंडाचं आहे ते, पाणी लावू नकोस." भेंड म्हणजे काय, हे मी तिला कधी विचारलं नाही.

उत्तर मिळालं ते नोकरीनिमित्त कोलकात्याला आल्यावर. पूजेच्या आधी बाजारात एक कारागीर तपकिरी सालीची काडी सोलत बसला होता. आतून दुधासारखा पांढरा गाभा निघाला. बोटानं दाबून पाहिला आणि ट्रंक आठवली. बंगालीत ज्याला शोला म्हणतात, तेच आपलं भेंड!

ही पाणथळ जागेत, भाताच्या खाचरात पावसाळ्यात आपसूक उगवणारी वनस्पती. काड्या कापून वाळवतात, साल काढतात. मग लांब धारदार सुरीनं गाभ्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा उलगडत नेतात. तो गुंडाळायचा, कडेला चिरा द्यायच्या, दोऱ्यानं बांधायचा, की पाकळ्या उमलतात. हे काम परंपरेनं मालाकारांचं. शिवाला लग्नात शुभ्र मुकुट हवा होता, म्हणून पहिला मालाकार जन्मला, अशी त्यांची कथा. आजही बंगाली नवरदेवाचा टोपोर शोलाचाच असतो. पूर्व बर्धमान जिल्ह्यातलं बनकापासी गाव तर याच कामासाठी ओळखलं जातं.

हा धागा बंगालपुरता नाही. पुरीत जगन्नाथ रथाकडे निघतो तेव्हा डोक्यावर फुलांचा उंच टाहिया असतो, त्यातही शोला. तंजावरात याच गाभ्याला नेट्टी म्हणतात आणि त्यातून बृहदीश्वर मंदिराच्या प्रतिकृती कोरतात. इंग्रज साहेबाची सोला टोपीही यातलीच. अनेकांना तो शब्द सूर्यावरून आला असं वाटतं, पण तो आला या झाडावरून.

मग मी दारासाठी शोलाचा गोल हार घेतला आणि पहिल्याच पावसाळ्यात वाया घालवला. धूळ बसली म्हणून ओल्या फडक्यानं पुसला. आठवड्यात पाकळ्यांवर काळे ठिपके. आजीचं वाक्य तेव्हा कळलं.

तेव्हा तुम्ही घेणार असाल तर आधी कापलेली कड पाहा. बारीक मणी दिसले तर ते थर्मोकोल. भेंडाचा रंग किंचित सायीसारखा असतो आणि दाबलं तर ते मऊ लागतं. रंगीत फुलं असतील तर पांढरा सुती कपडा हलकेच घासून पाहा, रंग सुटतो का. हार टांगायला एक लहान खिळा आणि सुती दोरा पुरतो. जागा मात्र ऊन, पावसाची झड, स्वयंपाकाची वाफ यांपासून दूर हवी. समई-उदबत्तीजवळ तर नकोच, भेंड चटकन पेट घेतं. धूळ मऊ कोरड्या कुंचल्यानं, आतून बाहेर झटकायची. पावसाळ्यात उतरवून कागदात सैल गुंडाळून खोक्यात ठेवा, वर काही ठेवू नका.

थर्मोकोलनं या कामाला मोठा फटका दिला. ते स्वस्त, वर्षभर मिळणारं. इकडे पाणथळ जागा बुजताहेत, त्यामुळे काडीच महाग होते. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आहे, तरी मखर आणि हार बाजारात दिसतातच. बंदीनं जागा मोकळी झाली, पण ती भरायला तळं हवं, कारागीर हवा आणि दोन पैसे जास्त देणारं गिऱ्हाईकही हवं.

आजोबांचं बाशिंग कुणी केलं, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. आजी होती तोवर विचारता आलं असतं. तुमच्या घरात असं एखादं बाशिंग, एखादा हार असेल, तर तो कुणी बनवला, कुठून आणला, हे मोठ्या माणसांना आजच विचारा. आणि उत्तर लिहून त्या खोक्यातच ठेवा.