पेशीचा लगाम : ओरत्तनाडूचे छत्र आणि ४८ मुलांच्या नोंदी

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडू येथे दुसऱ्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाळ छत्र उभारले. मराठा राजवटीच्या अशा छत्रांत अन्नदानाबरोबर विद्यादान आणि औषधोपचार यांचीही सोय असे. सरफोजींच्या काळातील नेत्ररुग्णांची, डोळ्यांच्या चित्रांसह लिहिलेली टिपणे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. रुग्णागणिक नोंद ठेवण्याच्या या शिस्तीतून केवढे ज्ञान हाती लागू शकते, हे पुढे डोळ्याच्याच एका रोगाने दाखवून दिले.

रेटिनोब्लास्टोमा हे लहान मुलांच्या दृष्टिपटलात वाढणारे अर्बुद होय. १९७१ साली अमेरिकेत आल्फ्रेड नडसन यांनी या रोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. अमुक वयापर्यंत किती मुलांचे निदान व्हायचे राहिले, याचा त्यांनी लॉगरिदमी आलेख काढला. दोन्ही डोळ्यांत अर्बुद असलेल्या मुलांचे बिंदू सरळ रेषेत आले. एकाच डोळ्यात असलेल्यांचे वक्ररेषेत. पहिल्या गटाला एकच आघात पुरत होता, दुसऱ्याला दोन लागत होते. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यावाचून अर्बुद होत नाही आणि काही मुले एक बिघाड जन्मतःच घेऊन येतात, असा याचा अर्थ होता. ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले १९८६ मध्ये.

त्यापासून बनणारे आरबी प्रथिन पेशीचक्राला लगाम घालते. डीएनएची प्रत काढण्यास लागणारी जनुके चालू करणाऱ्या ई-टू-एफ प्रथिनांना ते धरून ठेवते. विभाजनाचा संदेश आला की सीडीके नावाची विकरे आरबीवर फॉस्फेट जोडतात आणि ही पकड सुटते. त्या विकरांनाही आवरणारी पी-१६ आणि पी-२१ ही निरोधक प्रथिने १९९३ च्या सुमारास उजेडात आली. डीएनएला इजा झाली असता पी-५३ हे प्रथिन पी-२१ ची निर्मिती वाढवते आणि दुरुस्तीसाठी उसंत मिळते. अनेक अर्बुदांत या साखळीतील एखादा तरी दुवा तुटलेला आढळतो.

स्तनाच्या कर्करोगावरील पॅल्बोसिक्लिब हे औषध २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते पी-१६ प्रमाणेच सीडीकेला रोखते. मात्र ज्या पेशीत आरबीच उरलेले नाही, तिथे सीडीके रोखून काही साधत नाही. लगाम नेमका कुठे तुटला, हे म्हणूनच रुग्णागणिक तपासावे लागते.