वाटी, चमचा आणि भुट्ट्याचा कीस

भाद्रपदात कोवळा भुट्टा बाजारात आला की इंदूरच्या मराठी घरांतून किसणी बाहेर निघते. (कणीस हा शब्द आम्ही विसरलेलो नाही, पण भाजीवाल्याकडे मागतो तो भुट्टाच.) मराठीत छापील पाकशास्त्र काही कमी जुने नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली. पण आमच्या आज्या-पणज्यांनी हा कीस पुस्तक उघडून केला नाही. होळकरांच्या मागोमाग मराठी माणसे माळव्यात आली, १८१८ च्या मंदसौर तहानंतर राजधानी इंदूरला आली, आणि घरे इथेच रुजली. मका इथला, फोडणी आपली. मधले सगळे चुलीपाशी करून बघितलेले.

नव्या सुनेची मात्र त्यात परीक्षा असे. “दूध किती घालू?” म्हटले की उत्तर ठरलेले: “हाताला कळतं.” हाताला कळेपर्यंत पहिला कीस खिरीसारखा पातळ, दुसरा बुडाला लागलेला, तिसरा दूध आटण्याआधीच लिंबू पिळल्याने फाटलेला! यात सासूबाईंचा आडमुठेपणा नव्हता, हे आम्हाला फार उशिरा उमगले. अगदी कोवळ्या दाण्यात पाणीच जास्त. जून दाणा पिठूळ, तो दूध पिऊन घट्ट होतो. माप भुट्ट्यागणिक बदलते, ते सांगणार तरी कसे?

१९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि अंदाजाला वाटी-चमच्याचे माप मिळाले. स्वतः कमलाबाई लग्नानंतर सासूबाईंच्या हाताखाली शिकलेल्या, म्हणूनच की काय, नवशिक्या मुलीचे कुठे अडते ते त्यांना नेमके ठाऊक. माहेरची माणसे शेकडो मैलांवर असलेल्या आमच्या घरांतल्या सुनांना तर त्या पुस्तकाचा मोठाच आधार वाटला. विचारायला लाज वाटे ते गुपचूप वाचता येई.

आमच्या घरातल्या प्रतीचा पुठ्ठा केव्हाच निसटला आहे. पोह्यांच्या पानावर पेन्सिलीने लिहिले आहे: ‘बडीशेप. वाफेवर ठेवणे. वरून शेव, जिरावन.’ आणि शेवटच्या कोऱ्या पानावर कीस आहे: चार भुट्टे, तीन चमचे तूप, हिंग-मोहरी-जिरे, हिरवी मिरची, तुपावर खमंग परतून मग एक वाटी दूध, लिंबू, कोथिंबीर, खोबरे गॅस बंद केल्यावर.

गेल्या वर्षी पुण्याला नोकरीला गेलेल्या लेकीने त्या पानाचा फोटो मागवला. पाठवताना नीट पाहिले. ‘एक वाटी’वर काट मारलेली आहे आणि शेजारी लिहिले आहे, ‘भुट्टा जून असल्यास दीड.’ अक्षर सासूबाईंचे.