एका गोळीचे निरनिराळे भाव

१८५३ सालच्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. ह्याच लोहमार्गाच्या आधारानें ठाणें, कल्याण व डोंबिवली येथें नोकरदारांची वस्ती वाढली. त्यांपैकीं साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळांच्या उशाशीं आज रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरविणारी एक लहानशी गोळी असते. गोळी एकच, परंतु तिचा खर्च एकाच गल्लींतील दोन घरांतहि सारखा नसतो. असें कां व्हावें, याचें उत्तर वैद्यकापेक्षां इतिहासांत अधिक सांपडतें.

जपानांतील अकिरा एन्डो ह्या शास्त्रज्ञानें हजारों सूक्ष्म जीवांची परीक्षा करून १९७३ सालीं एका बुरशींतून ह्या वर्गांतील पहिलें द्रव्य मिळविलें. १९८७ त अमेरिकेंत असलें पहिलें औषध विक्रीस आलें. तथापि वैद्यवर्गाची शंका फिटली ती १९९४ सालीं. स्कँडिनेव्हियांतील ४,४४४ हृदयरोग्यांवर केलेल्या प्रयोगांत, खरी गोळी घेणारांतील मृत्यूंचें प्रमाण नकली गोळी घेणारांपेक्षां सुमारें ३० टक्क्यांनीं कमी आढळलें. मात्र हें औषध ताप उतरतांच बंद करावयाचें नव्हे. तें बहुधा जन्मभर घ्यावयाचें. म्हणूनच त्याची किंमत हा संसाराच्या जमाखर्चाचा प्रश्न होऊन बसतो.

ही किंमत आपल्या देशांत उतरली ती कायद्यानें. १९६१ च्या सुमारास अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीनें भारताची गणना औषधें अत्यंत महाग असलेल्या देशांत केली होती. न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालास अनुसरून १९७० चा पेटंट कायदा झाला व १९७२ त अंमलांत आला. त्यानें औषधाच्या पदार्थावरील मक्ता काढून केवळ कृतीवरील ठेवला. निराळ्या कृतीनें तेंच औषध करण्याची ही मुभा २००४ अखेर टिकली. अमेरिकेंत अटोरव्हास्टॅटिन २०११ च्या नोव्हेंबरपर्यंत मक्त्यांत अडकलेलें होतें. येथें मात्र त्यापूर्वींच तें अनेक कारखान्यांतून बाहेर पडूं लागलें.

२०११ च्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादींत त्याचें नांव आलें, आणि १५ मे २०१३ च्या आदेशानें त्यास कमाल किंमतीची मर्यादा पडली. परंतु ही मर्यादा उत्पादनखर्चावरून ठरत नाहीं. बाजारांत निदान एक टक्का खप असलेल्या मालाच्या किंमतींची सरासरी काढून तींत दुकानदाराचे १६ टक्के मिळविले जातात. मर्यादेच्या आंत भाव निरनिराळे राहतातच. शिवाय यादीबाहेरच्या जोडगोळ्यांस ही मर्यादा लागू नाहीं. त्यांची किंमत वर्षास १० टक्क्यांपर्यंत वाढवितां येते.

अशा वेळीं डॉक्टराची लेखणीच भाव ठरविते. औषधाचें मूळ नांव लिहावें असा वैद्यक परिषदेचा नियम २००२ पासून आहे. पण कंपनीचें नांव लिहिलें गेलें, तर दुकानदारास त्याऐवजीं दुसरें देण्याची कायद्यानें मुभा नाहीं.

उरलेला फरक पूर्वीच्या नोकरीचा. रेल्वेंतून निवृत्त होऊन तिच्या वैद्यकीय योजनेंत नांव घातलेल्यास कल्याणचें रेल्वे रुग्णालय आहे. वागळे इस्टेटींतील कारखान्यांत राबलेल्या विमेदार कामगारास, अटी पुऱ्या झाल्यास, कामगार विमा योजनेचा आधार मिळतो. ठाणें महापालिकेनें कळव्यास रुग्णालयाबरोबर वैद्यकीय महाविद्यालयहि उभारलें. कल्याण-डोंबिवलीच्या पालिकेचीं रुक्मिणीबाई व शास्त्रीनगर हीं रुग्णालयें आहेत. पण मुंबईच्या खासगी कचेरींत उमर घालविलेला डोंबिवलीचा कारकून बहुधा औषधाच्या दुकानाशींच उभा राहतो, आणि हात आखडला कीं एक दिवसाआड गोळी घेऊं लागतो. डॉक्टरास त्याचा पत्ताहि नसतो.

२००८ पासून सरकारनें जनऔषधीचीं दुकानें उघडलीं. तेथें मूळ नांवाचीं औषधें पुष्कळ स्वस्त मिळतात. तेव्हां गोळी आपल्या मतानें तोडण्यापेक्षां वा सोडण्यापेक्षां, परवडत नसल्याचें डॉक्टरास मोकळेपणानें सांगावें व मूळ नांव लिहून मागावें, हेंच श्रेयस्कर. कायद्यानें जें पदरांत टाकलें, तें विचारून घेण्यांत संकोच कसला?