दप्तराची चाळणी: मोर्तबापासून स्पॅम फिल्टरपर्यंत



ऑफिसच्या ईमेलमधला स्पॅम कसा आवरायचा, हा विषय तसा संगणकवाल्यांचा. पण त्याच्या मागे एक फार जुना प्रश्न आहे आणि दप्तर सांभाळणाऱ्या प्रत्येक माणसाला तो पडलेला आहे. दारात आलेल्या कागदांपैकी आत कोणता घ्यायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा? निवड चुकली, तर तिची किंमत कोण मोजणार? आपल्या हातकणंगले तालुक्यात हा प्रश्न आता रोजचा झालाय. शिरोलीच्या फाउंड्रीला परगावच्या गिऱ्हाइकाची चौकशी ईमेलवर येते, हुपरीच्या चांदीवाल्याला ऑर्डर ईमेलवर येते, पतसंस्थेला आणि शाळेला वरच्या कार्यालयाची पत्रंही ईमेलवरच येतात. म्हणून आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू.

सुरुवात मराठी दप्तरापासून करू. जुने मोडी कागद पाहिले, की लक्षात येतं, मजकुराइतकीच काळजी त्याच्या खरेपणाची घेतलेली आहे. पत्राच्या माथ्याशी मुद्रा, शेवटी मोर्तब. मोर्तब झालं म्हणजे पत्र तिथं संपलं. त्याखाली कुणी ओळ वाढवली, तर ती पाठवणाऱ्याची नव्हे. पत्र दप्तरातून बाहेर पडताना त्याची नोंद होत असे. सरकारी कचेरीतल्या आवक-जावक टेबलाला आजही 'बारनिशी' म्हणतात, तो शब्द याच परंपरेतला.

एवढा खटाटोप का? दोन भीती होत्या. पहिली, मजकूर वाटेत बदलला जाईल ही. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पत्रातल्या 'धरावे'चं कुणी 'मारावे' केलं, अशी आख्यायिका रूढ झाली. ती कितपत खरी, हा वाद बाजूला ठेवू. पण 'ध चा मा' हा वाक्प्रचार झाला, याचा अर्थ ही भीती लोकांना सहज पटत होती. दुसरी भीती, पाठवणारा भलताच निघेल ही. पानिपतावर 1761 मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं तोतया उभा राहिला, कोकणात त्याच्यामागे माणसं गेली, आणि अखेर 1776 मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. आजच्या ईमेलमधली फसवणूक पाहा. तिच्यात हेच दोन प्रकार मुख्य आहेत. मजकुरात फेरफार आणि नावाचा तोतया.

मात्र एक अडचण त्या काळी नव्हती. नको असलेली पत्रं ढिगानं येत नव्हती. जासूद पाठवायला पैसा लागे, आणि तो खर्च हीच चाळणी होती. 1 ऑक्टोबर 1854 पासून कंपनी सरकारच्या टपालात पाव तोळ्यापर्यंतचं पत्र अर्ध्या आण्यात, कितीही लांब जाऊ लागलं. टपाल स्वस्त झालं, तरी फुकट झालं नाही. बिनतिकिटाचं 'नॉटपेड' पत्र आलं, तर ते पैसे भरून घ्यायचं की परत धाडायचं, हे घेणाऱ्याच्या हातात होतं. पत्राचा भार पाठवणाऱ्यानं उचलायचा, हा त्यातला न्याय.

ईमेलनं हा न्याय उलटा केला. पाठवणाऱ्याला शंभर काय आणि लाख काय, खर्च जवळपास सारखाच. वेळ जातो तो वाचणाऱ्याचा. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना आपल्या संगणकांची जाहिरात एकदम धाडली. स्पॅमची पहिली नोंद ती मानतात. 1994 मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डची जाहिरात युजनेटच्या हजारो चर्चागटांत टाकली. आपल्याकडे विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते 15 ऑगस्ट 1995 ला. म्हणजे ईमेल आपल्या दारी आला, तोवर स्पॅम चांगला रुळला होता.

मग ईमेललाही तिकीट लावलं तर? हा विचार खरोखर झाला. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी 1992 मध्ये सुचवलं की प्रत्येक पत्रामागे पाठवणाऱ्याच्या संगणकाला एक छोटं गणित सोडवायला लावावं. दोन-चार पत्रं लिहिणाऱ्याला ते जाणवणार नाही, लाखो पाठवणाऱ्याला परवडणार नाही. 1997 मध्ये अ‍ॅडम बॅक यांनी त्याच धर्तीवर 'हॅशकॅश' केलं. ईमेलमध्ये ते रुजलं नाही. पुढे बिटकॉइनच्या रचनेत मात्र ती कल्पना वापरली गेली.

तिकीट जमलं नाही, तेव्हा लोक मजकुराकडे वळले. अमुक शब्द दिसला की मेल बाहेर, असे नियम झाले. पण शब्दाला स्वतःचं असं चारित्र्य नसतं. 'आजचा चांदीचा भाव' हे शब्द हुपरीच्या पेढीत कामाचे. शाळेच्या ईमेलमध्ये तेच बहुधा जाहिरातीचे. 'कर्ज' हा शब्द पतसंस्थेत रोजचा, फाउंड्रीच्या ईमेलमध्ये संशयाचा. मग एकच यादी सगळ्यांना कशी चालेल?

याचं उत्तर एका जुन्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या गणितात सापडलं. थॉमस बेझ हे 1761 मध्ये, म्हणजे पानिपताच्याच वर्षी वारले. त्यांचा निबंध त्यांचे स्नेही रिचर्ड प्राइस यांनी 1763 मध्ये प्रसिद्धीस आणला. त्यातला विचार असा, की नवा पुरावा हाती आला की आपल्या आधीच्या अंदाजात त्या पुराव्याच्या वजनाइतका बदल करावा. 1998 मध्ये काही संशोधकांनी हे गणित स्पॅमला लावलं आणि 2002 मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखानं ते सर्वदूर पोचवलं. अशी चाळणी तुमच्याच मेलवर शिकते. तुम्ही 'हे स्पॅम', 'हे स्पॅम नाही' असं सांगत जाता आणि ती प्रत्येक शब्दाचं वजन तुमच्या दप्तरापुरतं ठरवते. हुपरीची चाळणी हुपरीची होते. ऑफिसात हे बटण नीट दाबणारा कारकून त्या चाळणीचा शिक्षक असतो.

पण मजकूर पाहणारी चाळणी आली, तसे भामटे मजकूर बदलू लागले. स्पेलिंग मोडून लिहायचं, मजकुराचं चित्रच पाठवायचं. तेव्हा लक्ष पुन्हा पाठवणाऱ्याकडे गेलं, आणि इथं आपण मोर्तबाकडे परत येतो. एसपीएफ ही आमच्या जासुदांची जाहीर यादी. तिच्याबाहेरचा कुणी आमच्या नावानं आला, तर तो आमचा नव्हे. डीकेआयएम हे मोर्तब. वाटेत 'ध'चा 'मा' झाला, की शिक्का जुळत नाही. आणि शिक्का जुळला नाही तर पत्राचं काय करावं, हा हुकूम म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवणाऱ्या लहान कारखान्यानंही हे करून घ्यावं. नाहीतर आपलंच कोटेशन गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडून राहायचं.

तरीही मोर्तब फक्त पत्र कुणाचं ते सांगतं. लिहिणाऱ्याची नियत त्यावरून कळत नाही. भामटा स्वतःचं नवं डोमेन घेऊन स्वतःचा खरा शिक्का मारू शकतो.

आता आजच्या विषयाचा गाभा. बांगलादेश बँकेतून फेब्रुवारी 2016 मध्ये 8 कोटी 10 लाख डॉलर गेले. अमेरिकी तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार त्याची सुरुवात बँकेच्या कर्मचाऱ्यांना आलेल्या साध्या मेलपासून झाली. वर वर पाहता ते नोकरीचे अर्ज होते. सोबत बायोडेटाची लिंक. धोक्याचं पत्र आलं ते गरजवंताच्या वेशात. मग चाळणी कडक केली, तर अडकणार कोण? बँकेच्या किंवा मोठ्या कंपनीच्या मेलला शिक्का असतो, ओळख असते. फुकटच्या खात्यावरून, पहिल्यांदाच, मोडक्यातोडक्या भाषेत अर्ज करणाऱ्या आयटीआयच्या पोराकडे यातलं काहीच नसतं.

हिशेब करून पाहू. समजा, ऑफिसला महिन्याला हजार मेल आले. त्यात 800 स्पॅम, 200 खरे. फिल्टर 99 टक्के स्पॅम पकडतो आणि खऱ्यातला एकच टक्का चुकून अडवतो. म्हणजे स्पॅमच्या फोल्डरमध्ये 794 मेल गेले आणि त्यात दोन खरे. साहेब म्हणणार, फिल्टर झकास आहे. त्या दोघांना काय वाटेल? खरं तर त्यांना काही कळणारच नाही. नॉटपेड पत्र परत तरी यायचं. फोल्डरमध्ये पडलेला मेल परत येत नाही. लिहिणारा समजतो, अर्ज पोचला, पण उत्तर देण्याची यांची इच्छा नाही.

महसूल कचेऱ्यांत कागद सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धत आहे. त्यातला एक गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. पण कागद त्या गठ्ठ्यात जातो, तो कुणीतरी पाहून, ठरवून टाकला म्हणून. जीमेलमध्ये स्पॅम 30 दिवसांनी आपोआप पुसला जातो. गठ्ठा तोच, फक्त ठरवणारा माणूस तिथून उठून गेलाय.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. फिल्टर जरूर लावा, कडक लावा. बँक खातं बदलल्याचा मेल आला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे सोडू नका. पण स्पॅमचा फोल्डर रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसानं उघडावा. त्यात अनोळखी लिंकवर क्लिक करायचं नाही. पाठवणारा आणि विषय एवढंच पाहायचं. खरा मेल सापडला, तर तो बारनिशीत घ्यावा, मूळ तारखेनं, आणि फिल्टरला त्याची चूक दाखवावी. दहा मिनिटांचं काम आहे. ते कुणाचं, हे मात्र ऑफिसात नाव घालून लिहून ठेवावं लागतं. नाहीतर ते कुणाचंच राहत नाही.