उजव्या हाताचा इशारा

इशारा हा शब्द आपल्या घरातला. अरबीतून फारसीत आणि तिथून दखनीत व मराठीत आला. आपल्या घरी 'इशारा करणे' म्हणजे हाताने किंवा डोळ्याने खूण करणे. मराठीत मात्र त्याला ताकिदीचा अर्थ चिकटला. हे दोन्ही अर्थ एकत्र नांदले ते मोटारीच्या रस्त्यावर.

मुंबईत मोटार आली ती १८९८ च्या सुमारास. त्या गाड्यांना वळण दाखवणारे दिवे नव्हते. रस्त्यावर घोडागाड्या, बैलगाड्या आधीपासून होत्याच. विलायतेत १९३१ साली पहिला 'हायवे कोड' निघाला, त्यात मोटारवाल्याच्या हाताबरोबर घोडागाडीवाल्याच्या चाबकाच्या खुणाही दिल्या होत्या. मोटारवाल्याची ही भाषा अगदीच नवी नव्हती, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने हे इशारे चालकावर बंधनकारक केले. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून चालक उजवीकडे बसतो आणि खिडकीबाहेर काढायला त्याला उजवा हातच मोकळा असतो. उजवीकडे वळायचे तर हात सरळ आडवा. वेग कमी करायचा तर तळवा खाली करून हात वरखाली. थांबायचे तर कोपरापासून हात उभा. खरी अडचण डावीकडची! तिकडे हात पोहोचत नाही. मग उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. उजव्या हाताने डावी बाजू सांगायची ही युक्ती ज्याला सुचली, त्याचे आम्हाला कौतुक वाटते.

पण चारोटीच्या रस्त्यावर महत्त्वाचा होता तो पाचवा इशारा. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला डहाणू-जव्हारचा रस्ता चारोटीला छेदतो. हा महामार्ग चौपदरी होण्याआधी जाणारे-येणारे एकाच अरुंद पट्ट्यावर असत. पुढे उंच भरलेला ट्रक असला की मागच्याला समोरचे काही दिसत नसे. दिसे ते पुढच्या चालकाला. तो हात बाहेर काढून मागून पुढे हलवी, म्हणजे 'या, रस्ता मोकळा आहे'. १९८९ च्या रस्ता नियमांतही, पुढच्या चालकाने असा इशारा दिल्याशिवाय ओलांडू नये, असे कलम होते. म्हणजे ही नुसती रीतभात नव्हती, कायदेशीर परवानगी होती. अनोळखी माणसाच्या हातावर जीव सोपवायचा! तो हात कुणाचा, कुठल्या गावचा, काय नावाचा, हे विचारायला वेळही नव्हता आणि कारणही नव्हते.

ट्रकच्या डाव्या बाजूचा कारभार क्लीनरकडे. तो दारावर थाप मारी, हात काढी, 'जाने दो उस्ताद' म्हणे. उस्ताद हाही आपलाच शब्द. गाण्याच्या बैठकीतून निघून तो ट्रकच्या केबिनमध्ये किती सहज जाऊन बसला! रात्री मात्र हात दिसत नाही. म्हणून तर ट्रकच्या पाठीवर 'युज डिपर ॲट नाइट' लिहिलेले असते.

यंत्राने हाताची नक्कल आधीच सुरू केली होती. १९३० नंतरच्या अनेक युरोपीय गाड्यांत दाराजवळच्या खांबातून एक छोटा दांडा हातासारखा बाहेर येई. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या ब्यूकने लुकलुकणारे दिवे आणले. पुढे गाड्यांत थंड हवा आली, काचा वर गेल्या आणि हात आतच राहिला. महामार्गही रुंद झाला, त्यामुळे ओलांडायला कुणाची परवानगी लागेनाशी झाली.

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. मागच्या आसनावरच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. रस्ता पायी ओलांडणाऱ्यांची तेवढी झाली नाही. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला येणारी माणसे, बाजाराला निघालेल्या वारली बाया, शाळेची पोरे यांच्याकडे ना दिवा, ना भोंगा. भरधाव गाड्यांसमोर ती तळवा दाखवून उभी राहतात. थांबण्याचा हा इशारा चालकाने द्यायचा, एवढेच कायद्याच्या यादीत होते. पायी चालणाऱ्याने दिला तर गाडीवाल्याने काय करायचे, हे त्या यादीत कुठे नव्हते.