नोट कोणाच्या हातातून कोणाच्या हातात?

सेन्सॉरशिपचा प्रश्न आपल्याकडे बहुधा लेखक-कलावंतांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून मांडला जातो. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला दिग्दर्शक आणि मध्ये न्यायालय, असे त्याचे चित्र असते. ज्या माणसाचे जगणे पडद्यावर आले आणि ज्याच्या जगण्यावर कात्री चालली, तो या चित्रात कोठेच नसतो. कष्टकऱ्यांवरील अनुबोधपटांच्या दडपणुकीचा इतिहास त्या माणसाच्या बाजूने फारसा वाचला गेलेला नाही. या लेखात तसा वाचण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी मी मुख्यतः एकच प्रकरण घेतो, कारण भारतातील चित्रपट-सेन्सॉरशिपचा आजचा कायदा ज्या निकालावर उभा आहे, तो निकाल श्रमिकांवरील अवघ्या सोळा मिनिटांच्या एका चित्रपटासंबंधी दिला गेला आहे.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८ च्या सुमारास ‘चार शहर एक कहानी’ हा अनुबोधपट तयार केला. मुंबईच्या फुटपाथवरील जगण्यावर ‘शहर और सपना’ काढणारे आणि त्यासाठी १९६३ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे हेच ते अब्बास. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली ही या अनुबोधपटातील चार शहरे. एका बाजूला श्रीमंतांचे ऐषारामी जीवन आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या हातांनी सुंदर शहरे, कारखाने आणि उद्योगवसाहती उभ्या राहतात त्यांचे दैन्य, असा या कृष्णधवल चित्रपटाचा विषय होता. त्यात संवाद जवळजवळ नाहीत. काम करता करता मजूर म्हणतात ते गाणे, थोडे पार्श्वसंगीत आणि आवाज, एवढेच ध्वनी.

अब्बास यांनी सर्वांना दाखवता येईल असे ‘यू’ प्रमाणपत्र मागितले. डिसेंबर १९६९ अखेर सेन्सॉर बोर्डाने कळवले की हा चित्रपट फक्त प्रौढांसाठीच योग्य आहे. वरवर पाहता ही बंदी नव्हे. परंतु सोळा मिनिटांच्या अनुबोधपटाला ‘ए’ प्रमाणपत्र देणे म्हणजे काय, हे ज्यांना चित्रपटगृहाचा व्यवहार ठाऊक आहे त्यांना सांगावे लागणार नाही. एवढासा चित्रपट स्वतंत्र खेळ म्हणून चालत नाही, तो मोठ्या चित्रपटाच्या आधी दाखवला जातो. प्रौढांसाठीचा शिक्का बसला की कुटुंबे ज्याला जातात अशा कोणत्याही खेळाला तो जोडता येत नाही. अशा रीतीने ‘बंदी’ हा शब्द न उच्चारता चित्रपट डब्यात जातो.

फेरतपासणी समितीनेही तेच मत कायम ठेवले. मग केंद्र सरकारकडे अपील झाले. जुलै १९७० मध्ये सरकारने सांगितले की काही दृश्ये काढल्यास ‘यू’ प्रमाणपत्र देऊ. ती दृश्ये मुंबईच्या वेश्यावस्तीतील होती. तेथील प्रसंग आखूड करावा आणि विशेषतः तीन गोष्टी काढाव्यात, असा आदेश होता : बाई खिडकी बंद करते ते दृश्य, उघड्या गुडघ्यांचे दृश्य आणि चलनी नोट हातातून हातात जाते ते दृश्य.

वाचकांनी या यादीतील तिसऱ्या गोष्टीपाशी थांबावे, अशी माझी विनंती आहे. खिडकी आणि गुडघे यांवरील आक्षेप सभ्यतेच्या नावाने समजू शकतो. तो मान्य नसला तरी त्याची जात ओळखीची आहे. परंतु नोटेत अश्लील ते काय? नोटेवर तर सरकारचीच मुद्रा असते! सरकारला ही नोट का खुपावी?

याचे उत्तर चित्रपटाच्या रचनेतच आहे. श्रीमंत दाखवा, कोणाची हरकत नाही. आपले व्यापारी चित्रपट दुसरे करतात काय? गरीब दाखवा, त्यालाही फारशी हरकत नाही. गरिबीची दया येते, दयेने दान निघते आणि दानाने देणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते. हरकत येते ती या दोघांमधला व्यवहार दाखवला की. चलनी नोट हा तो व्यवहार आहे. ती नोट पडद्यावर दिसली की प्रेक्षकाला विचारावे लागते की ही कोणाच्या खिशातून आली आणि कशाच्या बदल्यात गेली. नोट कापली की एकाच गोष्टीच्या दोन वेगळ्या गोष्टी होतात. इकडे काही माणसे सुखात आहेत, तिकडे काही माणसे दुःखात आहेत आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही! अब्बास यांनी नाव दिले होते ‘चार शहर एक कहानी’. कात्रीला नेमके ते ‘एक’पण तोडायचे होते. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात हे होते की नव्हते, हा प्रश्न गौण आहे. व्यवस्थेचे हित सांभाळायला प्रत्येक वेळी हेतू लागत नाही, सवय पुरते.

पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीच्या वेळी सॉलिसिटर जनरलनी जाहीर केले की सरकार काटछाट न करता ‘यू’ प्रमाणपत्र द्यायला तयार आहे. अब्बास यांचा चित्रपट सुटला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी आपला अर्ज दुरुस्त करून चित्रपटाच्या पूर्वपरीक्षणालाच आव्हान दिले. २४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. पूर्वपरीक्षण घटनाबाह्य नाही, कारण चित्रपट हा अन्य कलांपेक्षा भावनांना अधिक खोलवर हलवतो, असे न्यायालयाने म्हटले. मात्र निर्णयाला कालमर्यादा हवी आणि अपील सरकारकडे न जाता न्यायिक स्वरूपाच्या यंत्रणेकडे जावे, असेही सुचवले. १९८१ च्या दुरुस्तीने अपिलीय न्यायाधिकरणाची तरतूद झाली आणि १९८३ मध्ये ते अस्तित्वात आले. २०२१ मध्ये तेही रद्द करण्यात आले. आता बोर्डाच्या निर्णयाने दुखावलेल्याला थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. त्याचा खर्च आणि वेळ कोणाला परवडतो, हे वेगळे सांगायला नको.

निकालाचे महत्त्व मोठे आहे. लैंगिकता आणि अश्लीलता या नेहमीच एक नव्हेत, हे न्यायालयाने स्पष्ट केले. पण एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. चित्रपट श्रमिकांचा होता आणि चर्चा गुडघ्यांची झाली. खटल्याचा गाभा पूर्वपरीक्षण, अश्लीलता आणि कलामूल्य हा राहिला. गाणे म्हणत काम करणारे मजूर निकालपत्रात चित्रपटाच्या सारांशापुरते येतात. कात्रीने जे काढायचे राहिले, ते वादाच्या स्वरूपानेच मागे पडले.

आणि त्या सारांशातही ‘श्रीमंत’ आणि ‘गरीब’ असे दोनच वर्ग आहेत. शहर बांधणाऱ्या त्या हातांची जात कोणती, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आपल्याला तो विचारावाच लागतो. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून जी माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती. परंतु गिरणीत सगळे कामगार एका दावणीला नव्हते. जेथे मजुरी अधिक त्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने संपात उतरले. मजुरीच्या नोटेत आणि थुंकीच्या विटाळात एक दुवा आहे, हे त्यांनी पाहिले होते. तो दुवा पडद्यावर आणायला कोणत्याही सेन्सॉरने मनाई करण्याची वेळच आली नाही, कारण कॅमेरा तिकडे वळलाच नाही. ही सगळ्यांत स्वस्त सेन्सॉरशिप आहे.

उलट सरकारचा कॅमेरा मात्र कामगाराकडे सतत वळलेला होता. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट आणि वार्तापट प्रत्येक खेळाआधी दाखवणे चित्रपटगृहांना परवान्याच्या अटीने बंधनकारक होते, आणि त्याचे भाडेही त्यांनाच भरावे लागे. त्यांतल्या काही दिग्दर्शकांनी चांगले काम केले, हे नाकारता येणार नाही. तरी त्या पडद्यावरचा सर्वसाधारण कामगार आठवून पाहा. धरण बांधणारा, भट्टीपुढे घामाने चमकणारा, राष्ट्र उभारणारा. तो कोठे राहतो, त्याला काय मिळते, त्याला त्या खात्यात कोणी घेतले आणि दुसऱ्यात कोणी घेतले नाही, हे त्या चित्रात नसे. असा हा कामगार सक्तीने दाखवला जात होता, त्याच काळात अब्बास यांच्या मजुरांना दारात अडवले गेले. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, पण ती नजर विलीन झालेली नाही.

हे मी वडखळच्या परिसरात राहून लिहितो आहे. येथून एक रस्ता अलिबागला जातो आणि एक गोव्याकडे. शेजारी डोळवीला पोलादाचा कारखाना आहे, तिकडे रोह्याला धाटावची रासायनिक वसाहत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. माझ्या वर्गातल्या अनेक मुलामुलींचे वडील-भाऊ कंत्राटी कामावर जातात. या मुलांच्या हातात फोन आहे, लग्नाचे आणि जयंतीचे शेकडो फोटो आहेत. परंतु बापाचा कामावरचा म्हणावा असा फोटो विचारला तर बहुतेकांकडे एकच निघतो : गेटपासवरचा. कामाच्या जागी त्याने स्वतः काढलेले चित्र नाही, त्याच्या सोबत्याने काढलेले नाही. कारखान्यांच्या जाहिरातपटांत शिरस्त्राण घातलेली माणसे हसतात, पण त्यांत कंत्राटदार दिसत नाही. म्हणजे येथेही नोट कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जाते ते दृश्य गाळलेलेच आहे. फरक इतकाच की त्यासाठी सरकारी आदेशाची गरज पडलेली नाही.

अब्बास यांच्यानंतर हा दुवा सोडून न देणारे काम झाले, त्याचीही नोंद केली पाहिजे. १९८१ मध्ये अंतुले मुख्यमंत्री असताना मुंबईच्या फुटपाथवरील माणसांना हुसकण्याची मोहीम निघाली. आनंद पटवर्धन यांनी ‘हमारा शहर’ हा अनुबोधपट १९८५ मध्ये पूर्ण केला, त्यात शहर बांधणारे आणि त्यांच्या झोपड्या पाडणारे एकाच चौकटीत आले. राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही तो दूरदर्शनवर यावा यासाठी दिग्दर्शकाला न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. एका सरकारी हाताने पदक द्यायचे आणि दुसऱ्याने पडदा ओढायचा, ही सेन्सॉरशिपची आणखी एक रीत. या चित्रपटात एक बाई, जिची झोपडी पाडली गेली आहे, ती कॅमेऱ्यावरच रागावते : आमची चित्रे काढून आम्हांला काय मिळणार? दिग्दर्शकाने तिचा राग कापला नाही. कष्टकऱ्याला विषय न मानता साक्षीदार आणि परीक्षक मानणे म्हणजे काय, याचे ते उदाहरण आहे. त्याच चित्रपटात शाहीर विलास घोगरे गायले. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली, आणि काही दिवसांतच घोगरे यांनी आपले जीवन संपवले. तेथून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. कामगार आणि दलित या दोन ओळखी एकाच माणसाच्या देहात कशा नांदतात, हे त्यात पडद्यावर आले. बाबासाहेबांनी १९३८ मध्ये जे सांगितले, ते तेथवर यायला सात दशकांहून अधिक काळ गेला!

तेव्हा चित्रपटावर कात्री चालली की आपण काय विचारावे? कोणते शब्द आणि कोणते अवयव काढले, याची यादी वर्तमानपत्रे देतातच. आपण विचारावे की कोणत्या दोन माणसांमधला संबंध काढला. मालक आणि मजूर, कंत्राटदार आणि गेटपास, खाते आणि जात, यांतला कोणता धागा तुटला? आणि ज्या कामाच्या जागी कॅमेरा पोहोचलेलाच नाही, तेथल्या माणसांनी आपल्या मजुरीची चिठ्ठी, पास, संपाची पत्रके आणि आठवणी जपून ठेवाव्यात, आपल्या शिकलेल्या मुलांकडून लिहून घ्याव्यात. चार शहरांची ती एकच कहाणी होती, हे सिद्ध करायला लागणारा पुरावा आज आपल्याच घरांत, पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे.