पद्मिनी टिकली, की टिकवली?

‘जुन्या गाड्या काय टिकायच्या राव!’ जोगेश्वरीत एस. व्ही. रोडच्या कुठल्याही गॅरेजसमोर पाच मिनिटं थांबा, हे वाक्य कानावर पडतंच. पुरावा म्हणून लगेच प्रीमियर पद्मिनीचं नाव येतं.

मी सर्व्हर सांभाळणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. कुणी ‘टिकाऊ’ म्हटलं की मी दोन आकडे विचारतो. बिघाड किती दिवसांनी होतो? आणि झाल्यावर दुरुस्तीला किती वेळ लागतो? पद्मिनीची सगळी कीर्ती दुसऱ्या आकड्यावर उभी आहे.

मुळात तिला देशी म्हणायचं का, इथूनच गोंधळ आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या अमेरिकी गाड्यांची जुळणी होत असे, मग इटलीची फियाट आली. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की जे सुटे भाग हळूहळू इथेच बनवतील त्यांनीच राहावं. १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. फियाट ११०० मात्र रुजली. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. इटलीत ही मालिका १९६९ मध्ये संपली. कुर्ल्यात तेच १०८९ सीसीचं इंजिन पुढे तीन दशकं बनत राहिलं.

इंजिनिअर म्हणून हे मला लाजिरवाणं वाटतं. स्पर्धा नाही, बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहणारं गिऱ्हाईक, मग गाडी सुधारायची कशाला? पण याच साचलेपणामुळे ती रस्त्यावर राहिली. एका गाडीचा भाग दुसरीला बसायचा. कार्बोरेटर, पॉइंट, प्लग मेकॅनिकला तोंडपाठ. परदेशातून आलेली गाडी कदाचित जास्त चांगली बनलेली असे, पण लायसन्सच्या काळात तिचा एक सुटा भाग मागवायचा तर आयात परवाना आणि परकीय चलन. तोवर गाडी ताडपत्रीखाली.

या टिकण्याची किंमत मात्र कौतुकात कुणी धरत नाही. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडायची, की फ्युएल पंपावर ओलं फडकं. टॅक्सीवाल्याची गाडी गॅरेजमध्ये म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. पुढे कोर्टाच्या आदेशांनंतर टॅक्सींना सीएनजीची टाकी बसली. बॉडी, इंजिन, इंधन सगळं बदलत गेलं तरी नाव पद्मिनीच. ज्या हजारो भंगारात गेल्या त्या आपल्याला दिसत नाहीत. उरलेल्या दिसतात, आणि आपण म्हणतो, काय मजबूत गाडी!

ज्यांना जमलं त्यांनी मात्र निवड केली. डिसेंबर १९८३ मध्ये जपानी आराखड्याची मारुती ८०० आली आणि मध्यमवर्ग भराभर तिकडे गेला. पद्मिनी टॅक्सीवाल्यांकडे उरली, कारण ती त्यांना परवडत होती आणि दुरुस्त करता येत होती.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतून ती बाद झाली. ती रस्त्यात बंद पडली म्हणून नाही, तर वीस वर्षांची मुदत भरली म्हणून.

आता एस. व्ही. रोडवरचा मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी गाडीला स्कॅनर जोडतो. गाडीचा कोड वाचता आला तर काम सुरू. नाही आला, तर गिऱ्हाइकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता सांगतो.